बेवारस यान

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती, रस्ता यायचा होता. त्यामुळे संध्याकाळी प्राणी कुठे जात नसत. आपापल्या बिळात, गुहेत बसून पडद्यावर एकच खेळ खेळत. खेळात प्रत्येकाला एक अंतराळयान मिळे.

कासवाचे यान सगळ्यांत देखणे होते. ते सजवण्यात त्याचे तीन पावसाळे गेले होते. एके दिवशी त्यावर उल्का आदळली. इंजिन बंद पडले. भोकातून हवा गळू लागली. हवा संपली की खेळ संपला आणि यानही गेले.

कासवाने खेळातूनच हाक दिली, "कुणी येता का हो दुरुस्तीला?"

जंगलात एक यानदुरुस्ती सहकारी मंडळ होते. अस्वल, साळिंदर आणि तरस हे त्याचे तिघे सभासद, आणि तिघेही पदाधिकारी. ते लगेच आले.

"आधी भोक बुजवा," कासव म्हणाले.

"आधी अध्यक्ष ठरू दे, अण्णा," अस्वल म्हणाले. "काम रीतसर झालेले बरे."

अध्यक्ष अस्वलच झाले. मग वेल्डिंग कोणी करायचे यावरून साळिंदर रुसले. "मागच्या वेळी ठिगळ मी लावले आणि फोटोत तरस," ते म्हणाले.

"तुझे काटे फोटोत मावत नाहीत, त्याला मी काय करू?" तरस म्हणाले.

हवा गळतच होती.

"अहो, माझा जीव चाललाय," कासव म्हणाले.

"एक करा अण्णा," तरस म्हणाले. "जरा बाहेर तरंगा. आत दाटी होते."

कासव जन्मात कधी घराबाहेर पडले नव्हते. पण मदतीला आलेल्यांचे मन त्याला मोडवेना. अंतराळपोशाख चढवून ते बाहेर पडले.

दार लागले. पडद्यावर अक्षरे उमटली: 'यानात मालक नाही. यान बेवारस. मोडीत काढता येईल.'

आणि काय सांगू, बाळांनो, मंडळात असा एकोपा आला की बघत राहावे. अस्वलाने पत्रे सोलले. साळिंदराने तारा ओढल्या. तरसाने इंजिन खांद्यावर घेतले. कोणी रुसले नाही. अध्यक्षांना कोणी विचारलेही नाही.

"माझे यान," कासव बाहेरून म्हणाले.

"होते," अस्वल म्हणाले. "पण तुम्हाला विसरू कसे, अण्णा? मंडळात या. यापुढच्या मोडीत चौथा वाटा तुमचा."

कासव विचार सावकाश करते. या वेळी लवकर झाला.

दुसऱ्या संध्याकाळी सशाच्या यानावर उल्का आदळली. मंडळ मदतीला धावले. सगळ्यांत पुढे कासव होते.

"ससेराव," ते मायेने म्हणाले, "जरा बाहेर येऊन तर बघा. फार मोकळे वाटते."

तात्पर्य: एकीचे बळ, मिळते फळ. झाड कोणाचे, हे फळ खाऊन झाल्यावर विचारावे.