आप्पांची लाल झेंडी

आमचे आप्पा रोज सकाळी स्वतःच्या ओसरीला हिरवी झेंडी दाखवतात, मगच चहा घेतात. ते मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, दौंडात स्वतःचं घर झालं, पण दोन झेंड्या काखेतून काही सुटल्या नाहीत.

दर रविवारी दुपारी त्या ओसरीत आम्ही पाच जण रोलप्लेइंग गेम खेळतो. म्हणजे प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, त्याची माहिती कागदावर लिहायची, आप्पा गोष्ट रचणार आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बदली होऊन गेलेल्या एका तरुण शेजाऱ्याने हा खेळ त्यांना देऊन टाकला. सोबतचं पुस्तक जाडजूड आणि इंग्रजी. आप्पांनी त्यातली चित्रं पाहिली आणि नियम स्वतःचे केले. त्यांच्या गोष्टीत राक्षससुद्धा वेळेवर येतो, आणि उशीर झालाच तर कारण सांगतो.

कुणी “मला वाटतं, आपण जर...” असं सुरू केलं की आप्पा तोडतात, “बोलू नका. काय करता ते सांगा.”

आणि भांडण झालं की लाल झेंडी. भांडणाऱ्या दोघांनी आपापले कागद बदलायचे आणि दिवस मावळेपर्यंत एकमेकांचं पात्र खेळायचं. यावर अपील नाही.

माझी पाळी आली ती सचिनमुळे. सचिन कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि खेळात चोर आहे. मी शाळेत गणित शिकवते आणि खेळात वैद्य आहे. या इसमाने माझी औषधांची पिशवी मला न विचारता विकली आणि घोडा घेतला. घोडा पुढच्याच नदीत बुडाला. पलीकडे आमचे दोन गडी जखमी, आणि माझ्या हातात औषधाचं पानसुद्धा नाही.

“आप्पा, हा राहणार असेल तर मी नाही,” मी स्वच्छ सांगितलं. सचिनही म्हणाला, “मंग जाऊ द्या की मॅडमला. सारखं लेक्चर.”

आप्पांनी झेंडी वर केली. “कुनी जायचं न्हाई. बत्तीस वर्सं गाडीवर काढली, डबा तोडून मधीच टाकला न्हाई कवा. कागद बदला.”

मी तणतणत चोराचा कागद घेतला. मालमत्तेच्या रकान्यात एकच वस्तू होती, चमचा. इतक्या महिन्यांत आम्ही लुटीतला वाटा सगळ्यांना दिला होता, चोराला कधी दिलाच नव्हता. तो चोर आहे, घेईल आपलं आपण, असं आम्ही धरून चाललो होतो. मला लाज वाटली. पण ती कबूल करायची नव्हती. पुढच्या गावात सचिनने वैद्य म्हणून मोठ्या मेहनतीने नवीन पिशवी जमवली आणि अर्ध्या तासात ती मीच विकली.

सचिन किंचाळलाच. मग आम्ही दोघं एकदम हसलो.

हसले खरी, पण माझा ताठा गेला नव्हता. “आम्हाला बरं नाचवता. तुमचं नाही वाटतं कुणाशी भांडण?”

“हाय की,” आप्पा शांतपणे म्हणाले. “केंदूरला धाकटा भाऊ हाय. सामाईक विहीर, पान्याच्या पाळीवरनं बिनसलं. नऊ वर्सं झाली, तोंड बघितलं न्हाई.”

सचिनने चौरंगावरची लाल झेंडी उचलली आणि वर धरली.

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता खेळच बंद. पण नियम त्यांचाच होता. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं, आप्पा व्हायला, आणि स्वतः भाऊ होऊन पायरीवर बसले. मग निराळ्या, बारीक आवाजात बोलायला लागले.

“दादा मोठा हाय. एक दिस पाळी सोडली असती तर काय बिघडलं असतं? माझा कांदा वाळत व्हता. म्या रागात बोललो, पुन्यांदा माझी पायरी चढू नगं. त्यो खरंच न्हाई चढला. रागात बोललेलं लगेच ऐकायचं असतं व्हय? म्या रोज एसटीकडं बघतो.”

इतकं पाठ होतं त्यांना. नऊ वर्षं मनात भावाचंही तेच बोलत आले होते. मला त्या हट्टी माणसाची फार माया आली.

पण आप्पा लगेच सावरून स्वतःच्या आवाजावर आले. “आता त्याचंबी चुकलंच की. पाळी माझी व्हती, सगळ्या गावाला ठाव हाय, आन्...”

“आप्पा,” मी म्हणाले, “बोलू नका. काय करता ते सांगा.”

त्यांनी डोळे वटारले. मीही नजर खाली घेतली नाही. मग ते पायरीवरून उठले.

“सचिन, गाडी आनलीय का?”

“आनलीय.”

“चल मंग केंदूरला. पन माफी मागनार न्हाई म्या, आधीच सांगून ठेवतो.”

त्यांनी लाल झेंडी खुंटीला अडकवली. हिरवी तेवढी बरोबर घेतली आणि केंदूर येईपर्यंत मांडीवर धरून तिच्या सुरकुत्या काढत राहिले.