फुल्सब्युटेलच्या लाल दिव्याची मोहीम

कोणी आज्ञा केली नाही, तरी घडले वर्तमान बुडो नये म्हणोन लिहितों, ते सावध चित्तें श्रवण करावे. हांबुर्ग शहरी विमानतळाचे बगलेस फुल्सब्युटेल ऐसा मुलूख. पूर्वी तेथे माणसे पायीं चालत. पुढे विमानतळाने हातपाय पसरिले, आणि चांभार उठला तेथे हॉटेल जाहले, आणि भाजीवाला उठला तेथे वाहनतळ जाहला, आणि पदपथावर चाकांच्या बॅगांची फौज अष्टौप्रहर खडखडों लागली.

रस्त्यापलीकडे गेशेबाईंची बेकरी तेवढी तग धरोन होती. तीही भाड्याच्या मोटारींच्या ठाण्यास गेली, आणि रविवारी दोन प्रहरी कायमची बंद होणार ऐसी खबर आली. मग त्यांची जिवलग सखी, अखंडितशिस्तप्रिय विबकेबाई हार्म्स, अखेरचा दालचिनीचा पाव घ्यावा आणि सखीस निरोप द्यावा ऐसा मनसुबा करोन, कापडी पिशवीनिशी खासा निघाल्या आणि सिग्नलापाशी ठाकल्या. तो दिवा लाल.

लालाचा हिरवा होईना. विमानतळाच्या बसांस आधी वाट द्यावी ऐसा नवा बंदोबस्त जाहला, आणि त्या गडबडीत पायीं चालणारांचा हिरवा कोणी विसरलाच. रस्ता ओस, परंतु लालात पाऊल घालणे त्या मुलुखी महापातक. खुद्द विबकेबाईंनी ऐसे कित्येक पातकी भर चौकात फैलावर घेतलेले. मग शेजारचे देटलेफ, पूर्वीचे पोस्टमन, कुत्र्यासह येऊन दाखल जाहले आणि तेही ताटकळले. तों पलीकडे गेशेबाई कुलूप घेऊन दारी आल्या, आणि विबकेबाईंचे काळीज तुटले. त्यांनी दोहींकडे पाहोन लालात पाऊल घातले.

"अहो बाई, लाल आहे! पोरं बघतायत!" देटलेफांनी हाकाटी केली. पोर एकही नव्हते, परंतु तैसे ओरडण्याची तेथे वहिवाट आहे.

"बघू देत! माझी मैत्रीण चाललीय!"

फत्ते जाहली. पाव हाती आला, गळामिठी पडली, दोघीही रडल्या. परतताना निकड कांही उरली नव्हती, म्हणोन विबकेबाई नियमाप्रमाणे लालापुढे उभ्या राहिल्या.

"थांब गं, हिरवा होईस्तोवर उभी राहते तुझ्यासोबत," म्हणोन गेशेबाईही कुलूप लावोन शेजारी ठाकल्या. मग पाव मोडोन खाल्ला, आणि उभयतांच्या नवऱ्यांची उणीदुणी निघाली, आणि सायंकाळ जाहली.

येणेप्रमाणे रस्ता सर जाहला. दिवा अद्याप लालच आहे, आणि त्याबद्दल उभयतांची कांही तक्रार नाही, हे लिहोन ठेविले असे.