पॉफर्टचे पंचावन्न ग्रॅम

पॉफर्ट बोक्याला वजनकाट्यावर बसवलं. काट्याचा आकडा जिथे थांबला तिथे जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पाहिलं, मग त्याच्या मालकाच्या, म्हणजे वुब्बोच्या, पोटाकडे पाहिलं, आणि सभ्य बाई असल्यामुळे पुन्हा बोक्याकडेच पाहिलं.

"आठ किलो," त्या म्हणाल्या. "पाचाच्या आसपास हवा होता."

"त्याची हाडं मोठी आहेत हो," वुब्बोची बायको रूलफीन म्हणाली.

"असतील. पण हाताला लागत नाहीयेत. इथे बरगड्या असतात, चाचपून बघा."

रूलफीनने चाचपलं. बरगड्या सापडल्या नाहीत. आपले लाड चालले आहेत असं समजून पॉफर्ट घुरघुरायला लागला.

डॉक्टरबाईंनी मग सगळं नीट समजावून सांगितलं. ताटली दिवसभर भरलेली ठेवायची नाही. खाणं तोलून द्यायचं. वजन हळूहळू उतरवायचं, एकदम उपास घडवला तर मांजराचं यकृत बिघडतं. त्यातलं 'पंचावन्न ग्रॅम' आणि 'तीन वेळा' एवढं वुब्बोने मनात पक्कं केलं. बाकीचं ऐकायला त्याला सवड झाली नाही, कारण त्या वेळात तो स्वतः बोलत होता.

"लिहून देऊ का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मला? अहो, उभा जन्म कालव्यांची पातळी मोजण्यात गेला. बोटभर पाणी वर गेलं तर अर्ध्या विन्सखोतेन गावाच्या तळघरांत बेडकं शिरतात. आणि मी पंचावन्न विसरणार?"

वुब्बो कालव्यांच्या खात्यात होता तोवर घर सुखात होतं. तो निवृत्त झाला, पाणी दुसऱ्याच्या ताब्यात गेलं आणि वुब्बोच्या ताब्यात घर आलं. भांडी घासायच्या यंत्रात ताटल्या कोणत्या कोनात उभ्या करायच्या हे रूलफीनला लग्नानंतर इतक्या वर्षांनी प्रथमच कळलं. टॉवेलची घडी आपण आजवर उलटी घालत होतो हेही कळलं. अशा माणसाच्या हाती आता बोका लागला होता.

स्वयंपाकघरातला काटा वुब्बोने खिडकीजवळ, उजेडात आणून ठेवला. दिवसातून तीनदा तो चष्मा लावून काट्यासमोर बसे, वाटीत कोरडं खाणं ओते आणि आकडा पंचावन्नच्या पुढे गेला तर जादाचा दाणा रूलफीनच्या भुवयांच्या चिमट्याने उचलून पिशवीत परत टाकी. तोवर पॉफर्ट त्याच्या पायाशी शांत बसून राही.

"लग्नाच्या अंगठीकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतंस," रूलफीन म्हणाली.

"अंगठीने यकृत बिघडत नाही."

"ते तुझं मत."

गंमत म्हणजे पॉफर्टने या शिस्तीबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. ताटली चाटूनपुसून झाली की तो सोफ्यावर जाऊन आडवा होई, आणि त्याच्या चेहऱ्यावर पेन्शनीत निघालेल्या मंत्र्याचं समाधान असे.

"बघ," वुब्बो म्हणायचा, "शिस्त लागली की जनावरसुद्धा सुखी होतं. माणसांनाच काय ते कळत नाही."

महिन्याने पॉफर्ट पुन्हा काट्यावर बसला. अर्धा किलो वाढला होता.

"पंचावन्नच देताय ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पंचावन्न! एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही."

"मग बाहेर कुणीतरी घालत असणार. मांजरं चार घरं फिरतात. शेजारीपाजारी चौकशी करा."

डॉक्टरबाई सहज बोलून गेल्या. पण वुब्बोला चौकशी करा म्हणणं म्हणजे बेडकाला कालवा दाखवणं. घरी परतेपर्यंत त्याच्या मनात खटला उभा राहिला होता. पुरावाही होता. खाण्याची पिशवी, जी दीड महिना पुरेल असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ती पंधरवड्यातच तळाला गेली होती.

"घरात चोरी होतेय," त्याने जेवताना जाहीर केलं.

"कसली?"

"मांजराच्या खाण्याची. माझ्या पाठीमागे तू त्याला मूठमूठ घालतेस."

रूलफीनने काटा-सुरी खाली ठेवली. "तुझ्या पाठीमागे? निवृत्त झाल्यापासून तुझी पाठ मी पाहिलीये कधी? सारखा समोर तर असतोस!"

रूलफीन सुटली. राहिली एल्त्ये.

एल्त्ये कुंपणापलीकडे राहत असे. नवरा ऑक्के वारल्यापासून ती एकटीच होती. रोज सकाळी ती रूलफीनकडे कॉफीला यायची, आणि दुपारी पॉफर्ट तिच्याकडे जायचा. तिच्या खिडकीत, ऑक्केच्या जुन्या स्वेटरवर, त्याची झोपायची जागा ठरलेली होती. वुब्बोने रानबदकं बघायची आपली दुर्बीण काढली आणि माडीवरच्या खिडकीत ठाण मांडलं. तिसऱ्याच दुपारी गुन्हा सिद्ध झाला. पॉफर्ट स्वेटरवर बसून मिशा चाटत होता.

दुसऱ्या दिवशी पॉफर्टच्या गळ्यात पाटी आली. ठळक अक्षरांत वुब्बोने लिहिलं होतं, 'मी लठ्ठ आहे. मला खायला घालणारे माझ्या जिवावर उठले आहेत.'

दुपारी एल्त्ये पॉफर्टला दोन्ही हातांनी पोटाशी धरून, धापा टाकत कुंपणाशी आली.

"हे काय आहे, वुब्बो?"

"वाच. ज्यांना लागू आहे त्यांना कळेल."

"मी जिवावर उठले? मी? ऑक्के गेला तेव्हा या बोक्याने मला माणसांत ठेवलं, नि मी त्याच्या जिवावर उठेन?"

"मी दुर्बिणीतून पाहिलंय. तो मिशा चाटत होता."

"मांजर मिशा चाटणार नाही तर काय पेपर वाचेल? बिअर प्यायल्यावर तूही चाटतोस, आम्ही कधी तुझ्या गळ्यात पाटी बांधली?"

आमच्या गावात खिडक्यांना पडदे लावत नाहीत. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे लोकांना दिसायला हवं ना. त्या दुपारी गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी कुंडीतल्या झाडाला पाणी घालत होतं, आणि खूप वेळ घालत होतं.

"आणि दुर्बीण?" एल्त्येचा आवाज चढला. "माझ्या घरात दुर्बीण लावून बघतोस? रूलफीन, तुझा नवरा माझ्या घरात दुर्बीण लावतो गं!"

खिडक्यांतल्या झाऱ्या एकदम थांबल्या. वुब्बोने "बोक्यासाठी! बोक्यासाठी!" असं ओरडून सांगितलं, पण अशा बाबतीत लोकांना सबबीपेक्षा मूळ बातमीच जास्त लक्षात राहते. पुढे कितीतरी दिवस पाववाला त्याच्याशी बोलताना डोळे मिचकावत असे.

एल्त्येने पॉफर्टला कुंपणावरून अलगद रूलफीनच्या हाती दिलं आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफीला आली नाही. त्यानंतरही आली नाही. रूलफीनने जाऊन दार वाजवलं तेव्हा एल्त्येने दार उघडून छातीवर हात ठेवला, "मी त्याला काही घातलेलं नाही," एवढंच सांगितलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी रूलफीन एकटीच कॉफी पीत बसली, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर वुब्बो येऊन बसला तेव्हा तिने आपली कॉफी उचलली आणि बागेत गेली. बाहेर बारीक पाऊस पडत होता.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वजनाचा काटा आला. रूलफीनने वुब्बोच्या ताटातले बटाटे एकेक करून काट्यावर ठेवले आणि दोन परत पातेल्यात टाकले. सॉसेजचा अर्धा तुकडा कापला. मोहरीच्या सुपाचा डाव शेवटच्या क्षणी तिरका केला.

"हे काय चाललंय?"

"गेल्या वर्षी तुझ्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तेव्हा माझं लक्ष नव्हतं. आता तूच शिकवलंस, तोलून द्यायचं."

"पण मी काय मांजर आहे?"

"मांजर घरातलं सगळं बिघडवून वर टेबलाशी येऊन बसत नाही. थोडं लोणी लावू का? नको, राहू दे."

तत्त्वाच्या माणसाची हीच पंचाईत असते. स्वतःच्याच तत्त्वाने उपाशी राहावं लागलं तर तक्रार कुणाकडे करणार? वुब्बो निमूट जेवला. रात्री त्याच्या पोटात जे आवाज होत ते ऐकून पॉफर्ट चमकून उठे.

मात्र बोक्याच्या बाबतीत त्याने माघार घेतली नाही. बोक्याच्या ये-जा करायच्या झडपेवर त्याने फळी ठोकली. पॉफर्ट घरात कोंडला गेला. खाण्याची नवी पिशवी कुलपात गेली, किल्ली वुब्बोच्या खिशात. आता चोराला वाटच उरली नव्हती.

पुढच्या खेपेला पॉफर्ट नऊ किलो भरला.

वुब्बो पांढराफटक पडला. मग लाल झाला. मग त्याने डॉक्टरबाईंच्या टेबलावर हात आपटला.

"आता काही लपवण्यात अर्थ नाही, डॉक्टरबाई. दारं बंद. खिडक्या बंद. पिशवीला कुलूप. घरात फक्त तीन जीव. मी घालत नाही, बोक्याला किल्ली लावता येत नाही." त्याने बोट वळवलं. "फितुरी घरातच आहे."

रूलफीनने फक्त पिशवीतून रुमाल काढला आणि हातात धरून ठेवला, डोळ्यांना लावला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर परक्या बाईसमोर नवऱ्याने चोर म्हणावं, आणि तेही मांजराच्या खाण्यावरून, याला नेमकं काय करतात हे तिलाही ठाऊक नसावं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मला एकदा नीट सांगा. सकाळी किती देता?"

"पंचावन्न."

"बरं. मग दुपारी?"

"दुपारी पंचावन्न."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळीही पंचावन्नच! सांगतोय काय मघापासून? एक दाणा..."

"वुब्बो," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पंचावन्न दिवसाचं होतं. सगळ्या दिवसाचं मिळून. त्याचे तीन वाटे करायचे होते."

पॉफर्टने काट्यावर बसल्या बसल्या जांभई दिली. कालव्यांच्या खात्यात एवढी चूक झाली असती तर जर्मनीपर्यंत पाणी गेलं असतं.

आपल्याला हसतील म्हणून वुब्बो वाट बघत राहिला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्या खिडकीबाहेर बघत ओठ चावत होत्या. रूलफीनही हसली नाही, आणि त्याला ते जास्त लागलं. फाटकाशी गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "आधी एल्त्येकडे जा. मला काय सांगायचं ते नंतर सांग. आणि हात हलवत जाऊ नकोस."

वुब्बो पाववाल्याकडून मसाल्याचा मोठा केक घेऊन एल्त्येच्या दारात उभा राहिला. आयुष्यात तो पहिल्यांदाच माफी मागत होता. सराव नसल्यामुळे त्याने खात्यातल्या भाषेत सुरुवात केली.

"मोजमापात त्रुटी आढळून आली आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

वुब्बोने केक पुढे केला. "माझ्या. एल्त्ये, मी तिप्पट घालत होतो. आणि तुला नावं ठेवली. गल्लीसमोर. मी गाढव आहे."

एल्त्ये त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "ये, आत ये," ती म्हणाली. तिने त्याला टेबलाशी बसवलं, कॉफी ओतली, आणि समोर बसून टेबलावरची नक्षी बोटाने गिरवायला लागली.

"तू एवढं कबूल केलंस, तर मलाही राहवत नाही. मी घालत होते रे त्याला."

"काय?"

"ऑक्के गेल्यापासून. रोज दुपारी धुरावलेल्या बाम माशाचं एक शेपूट. कधी दोन. झडपेवर फळी ठोकलीस तेव्हा कुठे थांबले. रूलफीनला मात्र छातीवर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

म्हणजे दुर्बीण बरोबर होती! वुब्बो ताठ झाला. छाती फुगली. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात हे जाहीर करायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी एल्त्येने त्याच्यापुढे केकचा जाड तुकडा सरकवला. त्यावर बोटभर लोणी होतं.

कित्येक दिवस तोललेल्या बटाट्यांवर जगलेल्या माणसाचं तोंड उघडलेलंच होतं. केक आत गेला.

"अजून एक?" एल्त्येने विचारलं.

"खरं तर रूलफीन..." वुब्बो म्हणाला.

"रूलफीनला कशाला सांगायचं?" एल्त्ये म्हणाली. "तू नको सांगूस, मी नाही सांगत."

वुब्बोने विचार केला. न्याय मोठा की लोणी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दुसऱ्या तुकड्यावर तो सुटला.

एल्त्ये पुन्हा सकाळच्या कॉफीला यायला लागली. झडपेवरची फळी निघाली. रूलफीनने वुब्बोला क्षमा केली, म्हणजे त्याच्याशी बोलायला लागली. त्याचे बटाटे तोलणं मात्र चालूच ठेवलं. पॉफर्टला दिवसाचे पंचावन्न ग्रॅम मिळू लागले. पहिले काही दिवस तो रिकाम्या ताटलीपुढे बसून घरादाराचा निषेध करत होता, मग दमला. डॉक्टरबाई खूश झाल्या. हळूहळू, पण उतरतंय, म्हणाल्या. माफी मात्र एका खेपेत पुरी होईना, म्हणून वुब्बो रोज दुपारी एल्त्येकडे ती थोडी थोडी मागायला जात राहिला.

एका रविवारी रूलफीनने त्याला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं. तिने वाकून आकडा पाहिला. त्याला उतरवलं, पुन्हा चढवलं आणि पुन्हा पाहिला.

"हे कसं शक्य आहे? मी बटाटा तोलते, सॉसेज तोलते, सूप तोलते. आणि तू वाढतोयस!" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाहेर कुणीतरी खायला घालतंय तुला. मी आत्ताच्या आत्ता जाते नि एल्त्येला विचारते."

वुब्बो काट्यावरून खाली उतरला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दाटून आलं.

"शेजाऱ्यांवर असा संशय घेणं बरं नव्हे, रूलफीन," तो म्हणाला. "बिचारी एकटी बाई. एकदा आपल्या हातून तिच्यावर अन्याय झाला, तो पुन्हा होऊ द्यायचा? पुरावा काय आहे आपल्याकडे?"

रूलफीन ओशाळली. नवरा एवढा बदलेल असं तिला खरोखर वाटलं नव्हतं. तिने काटा भिंतीकडे सरकवला.

"चुकलंच माझं. एल्त्येला एकदा जेवायलाच बोलावते. उद्या दुपारी बोलावू?"

"बोलाव ना, अवश्य बोलाव," वुब्बो म्हणाला. "पण दुपारी नको. दुपारी ती कामात असते."