उंबरठाणच्या न उठलेल्या शिक्क्याची हकीकत

श्री. जिच्या कृपेने चढ संपतो आणि उतार लागतो त्या घाटदेवतेस नमस्कार करोन, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, पौष शुद्ध षष्ठी, रविवारी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. संवत्सराचे नावच क्रोधी, त्यास आम्ही काय करावे? राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर तेथील लोक येऊन आमचाही सत्कार करतील.

ते राज्यी सायकलस्वारांचा एक रिवाज होता की, सूर्योदयी राजधानीहून निघावे, तीन घाट आणि साठ कोस एका दिवसात तोडावे, आणि सूर्य मावळण्याचे आत उंबरठाणच्या माथ्यावरील चौकीत आपले चिठ्ठीवर शिक्का उठवून घ्यावा. ज्याचा शिक्का उठला त्याचे नाव गिरिस्वार म्हणोन दप्तरी चढले, ज्याचा न उठला तो मुकाट घरी गेला. सुमित्राबाई रानवडे, वय छपन्न, कन्याशाळेत तीस वर्षे कवायत शिकविलेल्या, यांनी दोन साले मोहीम केली. पहिल्या साली साखळी तुटली, दुसऱ्या साली गुडघा सुजला, आणि यंदा वैद्यांनी स्पष्ट सांगितले की गुडघा एवढी एकच मोहीम काढील, पुढे घाट बंद. म्हणोन शिक्का मिळायचा तर याच दिवशी, नाहीतर कधीच नाही. प्रस्तुत लेखक दुसऱ्या सायकलीवर त्यांचे पाठीशी होता.

पहिला घाट बाईंनी न थांबता चढोन टाकिला आणि मग कसबे तळसरे लागले. बाईंचे मोहिमेची बातमी आमचे आधीच पोचली होती. तेथे वेशीवर मांडव, मांडवास कमान, कमानीवर कसब्याचे कारभारी बापूसाहेब खुटवड यांची हात जोडलेली तसबीर पुरुषभर उंच, आणि खाली बाईंचे नाव मुंगीएवढे, तेही सुनीताबाई ऐसे. लोकांनी सायकलीची मूठ धरिली. बाई बोलिल्या, "तुमचं प्रेम पोचलं. पण मला दिवस मावळायच्या आत माथा गाठायचाय, जाऊ द्या." तो मंडळी म्हणाली, "आसं कसं ताई? बापूसाहेब निघाल्यात. त्येंच्याबिगर हार घालता येत न्हाई. पाचच मिंटं." बापूसाहेब निघाले ते अंघोळीस निघाले होते, हे तासाभराने कळले. मग बापूसाहेब आले आणि शाल जाहली आणि नारळ जाहला आणि भाषण जाहले, भाषणात आपण लहानपणी सायकल कशी शिकलो ते सर्व सांगितले, आणि मग फोटो, आणि फोटोत बापूसाहेबांचे डोळे मिटले म्हणोन पुन्हा फोटो. बाई हसत उभ्या होत्या. आमचे तळपायाची आग मस्तकी गेली होती. तरी एक हार आम्हीही घालून घेतला, खोटे का लिहावे.

दुसरा घाट उतरोन पेठ चिंचाळे येथे हेच वर्तमान, फक्त शालीचा रंग निराळा आणि भाषणे तीन. बाई आम्हांस हळूच म्हणाल्या, "लोक मनापासून करतात हो, नाही कसं म्हणायचं?" आम्ही म्हणालो, "बाई, हे मनापासून तुमचा दिवस खातात!" तेव्हां बाईंनी उन्हाकडे पाहिले आणि शाल नारळासुद्धा ओट्यावर ठेविली आणि चौथे भाषण सुरू होण्याचे आत सायकल काढिली. तेथून त्यांचे मुखावर हसू राहिले नाही.

मग तिसऱ्या घाटाचे पायथ्याशी मौजे उंबरठाण, आणि तेथे तिसरा मांडव, आणि वाजंत्री, आणि रस्त्यात आडवे उभे शंभर माणूस. बाईंनी कवायतीचा आवाज काढिला, "बाजूला व्हा!" आणि शंभर माणूस दुभंगले आणि आम्ही दोघे मधून निघोन गेलो. मागाहून कळले की मांडवात लोक म्हणत होते, "ही कुणी पुढं धाडलेली बाई असंल. रानवडे ताई मागनं येत्यात. येवढी मोठी पाव्हणी आशी वरडंल व्हय?" आणि ते तसेच वाट पाहात बसले.

तिसरा घाट बाईंनी एका गुडघ्यावर चढला. दुसरा गुडघा भोपळ्याएवढा जाहला होता. डोळ्यांतून पाणी येत होते आणि पाय थांबत नव्हता. माथा आला तेव्हां सूर्य अजून डोंगराचे वर होता, पाव तास पुरता हातात होता, आणि चौकीस कुलूप होते.

हाका मारिल्या, दार ठोकिले, फोनास रेंज नाही. बाई पायरीवर बसल्या आणि चिठ्ठी हातात धरोन सूर्य मावळताना पाहिला. त्यानंतर दहा मिनिटांनी खालून जीप आली आणि तीतून चौकीदार रंगराव भिसे हार घेऊन उतरले. यांचा आवाज गोड, म्हणोन मांडवात निवेदन यांजकडेच होते. चौकी टाकोन ते बाईंचेच स्वागतास खाली बसले होते!

"ताई, तुम्ही वर कवा आला? आमी सगळी खाली ताटकळलो की. मग कुणी म्हटलं, ती वरडलेली बाई तुमीच, तवा धावलो."

"शिक्का द्या," बाई बोलिल्या.

रंगरावांनी पश्चिमेस पाहिले. "दिस बुडाला, ताई. न्येम म्हंजी न्येम. आता शिक्का द्येता यायचा न्हाई. पर सत्काराचं समदं वर आणलंय."

"मी वेळेत इथे होते. हे साक्षीला आहेत."

"ते तुमच्यासंगतीचे. त्येंची साक्ष न्हाई चालत."

आमचा हात उठला होता, तो बाईंनी धरिला. मग त्या उठल्या, रंगरावांचे हातचा हार घेतला, लंगडत दारापाशी गेल्या आणि तो हार कुलपास घातला.

"आज आपल्या जागेवर हजर होतं ते एवढंच," ऐसे बोलोन त्यांनी सायकल हाती धरिली आणि घाट पायी उतरू लागल्या.

सारांश, मान दोन ठायी घेतला, एक ठायी टाकिला, तिन्ही वेळा नुकसान बाईंचे. पुढल्या साली उंबरठाणास चौकीदार रंगराव भिसे यांचा उत्कृष्ट सेवेबद्दल सत्कार जाहला. पुढे लिहवत नाही.