जावईबापूंचा कोट

मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की होणाऱ्या जावयाचा कोट दुकानातून येणार नाही, तो त्यांच्याच हातचा असेल. मास्तर म्हणजे गल्लीतले जुने शिंपी. एकदा बोलले की बोलले. फक्त बोटांना विचारायचं राहून गेलं होतं. संधिवाताने ती सकाळी अशी आखडायची की स्वतःच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मास्तरीणबाई लावून द्यायच्या. हे त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. "बोटं मोकळी होतील. पण भूक खवळेल, चेहरा सुजेल, खाण्यापिण्यावर ताबा ठेवा. आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत."

मास्तरांच्या कानात पहिलं वाक्य तेवढं शिरलं.

आणि खरंच, बघता बघता मूठ वळू लागली, कात्री चालू लागली. मास्तर मशीनवर बसून गुणगुणायला लागले. जावई परगावी नोकरीला, पण माप घेतानाच मास्तर खूश झाले होते. "अगदी माझंच माप. सुताचा फरक नाही. त्याला कशाला हेलपाटे? मीच घालून बघत जाईन."

घालून बघितला, तर बटण लागेना.

"कापड आटलं," मास्तर म्हणाले आणि शिवण उसवून कोट सैल केला. पुढच्या आठवड्यात कापड पुन्हा आटलं.

"आटत नाहीये, तुम्ही वाढताय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "रात्रीचं जेवण दुपारीच फस्त करता."

"आता तू मला माप शिकव."

शिवणीतलं जादा कापड संपलं तेव्हा त्यांनी बगलेखाली पट्ट्या जोडल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी जावईबापू आले आणि कोट घालून आरशासमोर उभे राहिले. कोटात त्यांना शोधावं लागत होतं. "छान आहे की, ऐसपैस," ते बिचारे म्हणाले. लेक हसणार होती, पण वडिलांकडे बघून तिने हसू आवरलं. मास्तर आरशात जावयाशेजारचे स्वतःचे टम्म गाल बघत होते.

"या गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद," ते पुटपुटले.

मास्तरीणबाईंनी डबी पदराआड केली. "डॉक्टरीणबाई हळूहळू कमी करतील तेव्हाच. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. आणि मग शिवणार कशाने, पायाने?"

मास्तर खाली बसले. "शब्द गेला," ते म्हणाले.

लेक आत जाऊन त्यांचा ठेवणीतला कोट घेऊन आली. हाही त्यांनीच शिवलेला, गोळ्या सुरू होईपर्यंत अंगावर चपखल बसणारा. जावईबापूंना तो असा बसला की जणू त्यांच्यासाठीच बेतला होता. "तुमच्याच हातचा झाला ना, बाबा?" लेक म्हणाली. एक बटण तेवढं लोंबत होतं. मास्तरांनी सुई स्वतः ओवली, बटण स्वतः लावलं आणि मास्तरीणबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

लग्नात नवा कोट मास्तरांनीच घातला. पुढे डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध सुरू करून या गोळ्या हळूहळू उतरवल्या, गाल जागेवर आले आणि कोट खुंटीवर गेला. वर्षभराने जावईबापू मुक्कामाला आले, त्यांनी गंमत म्हणून तो चढवला, तर नेमका बसला. तेही एकही गोळी न घेता.

तेव्हापासून मास्तर गिऱ्हाइकांना सांगतात, "मी पुढचं माप घेतो."