नानांचा डावा घोटा

आमचे बबननाना माणसाचं तोंड बघत नाहीत, चपला बघतात. घरी कुणी आलं, की पाहुणा पाणी पिईपर्यंत नाना ओट्याखाली उतरणार, त्याची चप्पल उलटी करून टाच कुठल्या अंगानं झिजलीय ते बघणार, आणि आत येऊन विचारणार, "पावणं, डावीकडं कंबर धरती का?" पाहुण्याचा तांब्या तोंडाशीच राहतो, कारण कंबर खरंच धरत असते.

चतुर्थीला ओझरला गेले, की गणपतीचं दर्शन दहा मिनिटं आणि बाहेर चपलांच्या ढिगापाशी तासभर. एकदा तिथं चप्पलचोर म्हणून लोकांनी त्यांची गचांडी धरली. नानांनी धरणाऱ्याच्याच पायाकडं बघून त्याला गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. आतेबहिणीला बघायला आलेल्या मुलाची चप्पल बघून तर भर बैठकीत म्हणाले, "पोरगं तापट हाय, टाचा आपटतंय." ती सोयरीक मोडता मोडता राहिली. जावई खरंच तापट निघाला, पण नानांपुढं हे कुणी कबूल करत नाही. कुणी फार बोलायला लागलं की त्यांचं एकच, "वरचं समदं खोटं. खालचं बघा."

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. निरगुडसरला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. मूलबाळ नाही, आणि चुलती जाऊन सहा वर्षं झाली. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. यात्रेतल्या सामन्यात डावा घोटा फिरला, कुणीतरी बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधला, आणि तो वाकडा बसला तो बसलाच. कबड्डी सुटली आणि लोकांच्या टाचा बघायचा नाद लागला.

मी पुण्याला अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा गावात कुणाला काही उमगेना. डॉक्टर होणार का? नाही. मग शाळेत पीटी घेणार? तेही नाही. खेळाडूला लागू नये म्हणून काय करायचं, लागलंच तर मैदानावर काय करायचं आणि त्याला परत खेळता कसं करायचं, हे शिकवतात, असं मी समजावायची आणि आई म्हणायची, म्हणजे नक्की काय गं? एकट्या नानांनी काही विचारलं नाही. कॉटवर बसून डावा पाय पुढं केला आणि म्हणाले, "ह्याच्यावर शिक. ह्याचं आता आजून काय बिघडायचं न्हाई."

मग प्रत्येक सुट्टीत मी त्यांच्या घोट्याला पांढरा टेप बांधायचा सराव करायची. पावलाखालून घ्यायचा, टाच अडकवायची, कुठं सुरकुती पडू द्यायची नाही. अडचण एकच होती. मी पायाला हात लावला, की नानांचा हात आपोआप माझ्या डोक्यावर यायचा आणि ते म्हणायचे, "सुखी ऱ्हा." पाय धरला म्हणजे नमस्कार केला, एवढंच त्यांना ठाऊक. टेप चुकला म्हणून सोडून परत घेतला, की परत सुखी ऱ्हा. माझे केस पार विस्कटून जायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, नाना, हा नमस्कार नाही, अभ्यास आहे.

"असू दे की," ते म्हणाले. "हात काय, मोकळाच हाय."

तिसऱ्या वर्षी आम्हाला बुटाच्या झिजेवरून चाल कशी ओळखायची ते शिकवलं. अख्ख्या वर्गात ते मला एकटीला आधीच येत होतं. कुठं शिकलीस, असं सरांनी विचारलं, तर मी म्हटलं, वाचलं होतं. माझी लबाडी खरं तर तिथंच सुरू झाली.

शेवटच्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाला जुनी दुखापत असलेला माणूस ज्याचा त्यानं आणायचा होता. नापास झाले असते तर अख्खं वर्ष गेलं असतं, आणि नानांच्या घोट्याइतका बिघडलेला घोटा साऱ्या तालुक्यात नव्हता. ते पहिल्या एसटीनं आले. कडक इस्त्रीचा पायजमा, कोरी टोपी. गेटवरच मी त्यांना दोन गोष्टी बजावल्या, डोक्यावर हात ठेवायचा नाही आणि कुणाच्या चपलेला हात लावायचा नाही. दोन्हीला ते मुकाट्यानं हो म्हणाले. बाकीच्यांनी आणलेले सगळे क्लबात खेळणारे, फाडफाड इंग्रजी बोलणारे. त्यांच्यात नाना बसले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. का, ते विचारू नका. माझं मलाही सांगता येत नाही.

खोलीबाहेर सगळ्यांनी बूट काढून ठेवले होते. मी पाण्याची बाटली भरून आणायला गेले आणि आले तर नाना उकिडवे बसलेले. हातात बायकांचा एक काळा बूट, उलटा धरलेला, आणि समोर परीक्षक बाई उभ्या. बूट त्यांचाच होता. माझ्या मैत्रिणी तोंडावर हात धरून हसत होत्या.

"हे कोण तुमचे?" बाईंनी मला विचारलं.

"आमच्या शेतावर कामाला असतात," मी म्हणाले.

आधी ठरवलेलं नव्हतं हो. पण किती सहज आलं तोंडातून. आजही आठवलं की कान तापतात. नानांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. नेहमी पायाकडं बघणारा तो माणूस सरळ माझ्या तोंडाकडं बघत होता. मग त्यांनी तो बूट दुसऱ्या बुटाशेजारी नीट ठेवला आणि म्हणाले, "चुकलं, बाईसाहेब."

आत मी घोटा तपासला, किती वळतो ते मोजलं, टेप बांधला. एक सुरकुती पडली नाही. नाना मला ताईसाहेब म्हणत होते. पाय हिकडं घिऊ का, ताईसाहेब. सरळ करू का, ताईसाहेब. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, आणि शेवटपर्यंत तो बाहेर काढला नाही.

सगळं झाल्यावर बाईंनी त्यांना विचारलं, बुटात काय दिसलं? बाईंनी फारच लावून धरलं, तेव्हा नाना म्हणाले, "उजवा गुडगा जपा. टाच आतल्या अंगानं गेलीया." बाईंचा हात गुडघ्याकडं गेला. दोन वर्षं दुखतोय, म्हणाल्या, आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"ह्या ताईसाहेबांनी," नाना म्हणाले. "लई हुशार हैत."

बाईंनी माझी पाठ थोपटली. शेतावरच्या माणसालाही शिकवतेस, असं म्हणून कौतुक केलं. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. हे माझे चुलते आहेत, त्यांनी मला शिकवलंय, एवढंच तर म्हणायचं होतं. नाही म्हटलं. नानांना एसटीत बसवून दिलं, खिडकीतून ते उसाच्या तोडीचं काहीबाही बोलत राहिले, आणि मी हूं हूं करत राहिले.

आठवड्यानं निकाल लागला. वर्गात पहिली आले. पेढे घेऊन गावी गेले, तर घरी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. परीक्षा झ्याक झाली, एवढंच नानांनी सांगितलं होतं. आई खुशीत होती, आणि तिच्याकडं बघवेना म्हणून मी शेजारी गेले.

नाना कॉटवर बसले होते. पायात तोच टेप. मातीनं काळा झालेला, कडा सुटलेल्या. हा त्याच दिवशी काढायचा असतो, म्हणून मी ओरडले. ते म्हणाले, "तू बांधलेला, म्हून ऱ्हाऊ दिला."

मी कात्री आणली, खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. म्हटलं, नाना, माझं चुकलं. मला तुमची लाज वाटली. आता माझीच वाटते. मी मान खाली घालून टेप कापायला लागले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, त्यांचा उजवा हात वर आला होता आणि माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता.

"ठिवू का?" नानांनी विचारलं.

मी डोकंच पुढं केलं.