मास्तरांची कच्ची फांदी

आमच्या शेजारच्या दामोदर मास्तरांच्या भिंतीवर एक झाड होतं, नि ते दर महिन्याला बदलायचं. संत्रं, मोसंबी, लिंबू, कवठ, बेल ही सगळी म्हणे एकाच मूळपुरुषाची लेकरं. कोण कोणापासून फुटलं, ते त्यावर रेखलेलं. पक्की खात्री ती फांदी निळ्या शाईची, शंका ती कोळशाची. भिंत बहुतेक काळीच!

सीपी-बेरार प्रांत होता तेव्हाचे दिवस. मी अमरावतीत नवी नवरी, शाळेचं तोंड न पाहिलेली. अक्षरं त्या भिंतीवरच शिकले. एकदा म्हटलं, "मास्तर, कवठ अन् बेल सख्खे भाऊच हायेत. दोघाइचं कवच टणक, अन् दोघंही सोलता येत नाही. झाले ना दोन पुरावे?"

"टणक हाये म्हणूनच सोलत नाही ना, वैनी? मंग साक्ष एकच झाली. काटे पाहा, पानं पाहा, बी पाहा. एकेक साक्ष झाकून झाड पुन्हा काढा. तरी दोघं जवळच रायले, तं शाई."

बाजारातही तेच. तिवस्यात पाऊस झाल्याचं दोघांनी सांगितलं, तर मास्तर विचारणार, "बैलाच्या एकाच दमणीत बसून आले का?" हो म्हटलं की पाऊस निम्मा. छत्री मात्र घेऊनच निघत.

मास्तरांची बायको बाळंतपणात गेली. लेकीला आजीनं अकोल्याला नेलं. मास्तर एकदा भेटायला गेले, तर तान्ही पोर त्यांना पाहून रडली. पुन्हा गेलेच नाहीत. पोरगी सहा वर्षांची झाली. आजी लिहायची, वाट पाहते, घेऊन जा. मामाही तेच लिहायचा.

मी चिडले. "कावून आणत नाही तिले?"

"मामा आजीचंच ऐकून लिहिते, वैनी. साक्ष एकच." मग खाली पाहून, "पुन्हा रडली तं?"

त्या उन्हाळ्यात मी एका लग्नाला अकोल्यास गेले, तेव्हा न कळवता आजीच्या घरी डोकावले. पोरगी ओसरीवर चिंचोके खेळत होती. अमरावतीची म्हणताच उठली. "माह्या बाबाले पायलं का? ते मले खांद्यावर बसवतीन का?"

परतल्यावर सकाळीच मास्तरांना सांगितलं.

"आजीनं पढवलं असन."

"आजी देवळात गेली होती. अन् मी येणार हे कोणाले माहीत होतं?"

मास्तरांनी खुंटीवरची टोपी काढली. मग हळूच, "खांद्यावर म्हणे?"

टोपी घातली नि दार सताड उघडं टाकून निघाले.

"अवो मास्तर, गाडी संध्याकाळची हाये!"

"ठेसनावर बसतो," ते चालता चालताच म्हणाले. "चुकली तं?"